उभे राहताच धडधड, पण सगळे रिपोर्ट नॉर्मल

नववीतल्या मुलीची आई:
माझ्या मुलीला जुलैमध्ये डेंग्यू झाला. ताप गेला, परंतु गेले चार महिने अंथरुणातून उठताच तिला गरगरते, छातीत धडधडते, आणि शाळेच्या प्रार्थनेत ती दोनदा कोसळली. हिमोग्लोबिन, थायरॉईड, ईसीजी नॉर्मल आहेत, बसवून मोजलेला रक्तदाबही ठीक आहे; त्यामुळे घरच्यांनाही आता हे शाळा बुडवण्याचे निमित्त वाटू लागले आहे. हा स्वायत्त मज्जासंस्थेचा, म्हणजे हृदयाचे ठोके व रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसांचा, विकार असू शकेल का?

एक बालरोगतज्ज्ञ:
असू शकेल. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरहून अधिक रक्त पाय व पोटाकडे उतरते आणि स्वायत्त नसा रक्तवाहिन्या आवळून ते सावरतात. हे सावरणे अपुरे पडले की हृदय वेगाने धडधडून त्याची भरपाई करते. या विकाराला ‘पॉट्स’ (पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकीकार्डिया सिंड्रोम) म्हणतात, आणि विषाणूजन्य आजारानंतर तो सुरू झाल्याचे अनेकदा दिसते. बसवून मोजल्यास तो निसटतो. मुलीला १० मिनिटे झोपवून नाडी व रक्तदाब मोजा, मग उभे करून दहाव्या मिनिटापर्यंत अधूनमधून मोजत राहा; कोणीतरी शेजारी हवेच. रक्तदाब न घसरता नाडी मिनिटाला ४० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच टिकली, तर पॉट्सचा संशय बळावतो. प्रौढांसाठी हा आकडा ३० आहे. किशोरवयात नाडी मुळातच जास्त उसळते.

याच वाटेने गेलेले एक बाबा:
आमच्या मुलाला डॉक्टरांनी पाणी व मीठ वाढवायला सांगितले, तेव्हा आयुष्यभर मीठ कमी करा असे ऐकत आलेल्या आजीला ते पटता पटेना. उठण्यापूर्वी दोन ग्लास पाणी, घट्ट मोजे, आणि रांगेत उभे असताना पायांची अढी घालून पोटऱ्या आवळणे, यांचा त्याला उपयोग झाला. पूर्ण विश्रांतीने मात्र तो अधिकच खचला. पडल्या-पडल्या करायच्या व्यायामापासून सुरुवात करून सावरायला वर्ष लागले.

बालरोगतज्ज्ञ (पुन्हा):
धावताना शुद्ध हरपली असेल, किंवा कुटुंबात तरुणपणी कोणाचा अकस्मात मृत्यू झाला असेल, तर ईसीजी नॉर्मल असला तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. मीठही डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

नववीतल्या मुलीची आई:
तसे काही घडलेले नाही. आज सकाळी मोजले: झोपून ७४, दहाव्या मिनिटाला १२१, रक्तदाब जवळपास तेवढाच. तो कागद तिच्या वडिलांनी दोनदा वाचला. सोमवारी डॉक्टरांकडे दोघेही जात आहोत.