महापालिकेने इंद्रधनुषी झेंडा लावावा का? लावायचा तर ठरावात काय लिहावं?

गिरणाकाठ (जळगाव):
राम राम मंडळी. जून महिन्यात सतरा मजलीवर, म्हणजे आपल्या महापालिकेच्या इमारतीवर, प्राइडचा (समलिंगी, तृतीयपंथी अशा समुदायाचा इंद्रधनुषी) झेंडा लावावा, असा विषय महासभेपुढे न्यायचाय. अडेल कुठे? आणि मुळात लावावा का, हेही मोकळेपणाने सांगा.

तापीतीर (भुसावळ):
लावावाच. समलिंगी संबंध गुन्हा नाही, असं ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालात न्या. नरिमन यांनी या निकालाला व्यापक प्रसिद्धी द्या, लोकांच्या मनातला कलंक कमी करा, असं केंद्र सरकारला बजावलंय. पालिकेने त्याच दिशेने पाऊल टाकलं तर त्यात वावगं काही नाही.

फक्त तिरंग्याच्या काठीला हात लावू नका. ध्वजसंहिता 2002 नुसार त्याच काठीवर दुसरा झेंडा चालत नाही, तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या शेजारी बरोबरीनेही चालत नाही. ठरावात नुसतं ‘इमारतीवर’ लिहिलंत तर पहिला आक्षेप तिथेच येईल. त्यापेक्षा प्रवेशद्वाराच्या आतल्या भिंतीवर, तिरंग्यापासून लांब, अशी नेमकी जागा लिहा. माप, लावायची आणि उतरवायची तारीख, खर्चाचं लेखाशीर्ष, जबाबदार अधिकारी, सगळं त्यात हवं. ठराव कायद्यात बसत नसेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम 451 खाली राज्य शासन तो विखंडित म्हणजे रद्द करू शकतं. नंदुरबारला नगरपरिषद आहे, तिथे नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 प्रमाणे जिल्हाधिकारी ठराव थांबवू शकतात.

पांझराकाठ (धुळे):
खरी मेख पुढे आहे. उद्या दुसरी संस्था आपला झेंडा घेऊन आली तर? अमेरिकेत बोस्टन शहराने 2005 ते 2017 मध्ये मागेल त्याला काठी दिली, 284 वेळा झेंडे चढले, एकालाही नकार नाही. मग एका ख्रिस्ती संघटनेला नाही म्हटलं. 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 9-0 ने शहराच्या विरोधात निकाल दिला: काठी सगळ्यांना खुली होती, म्हणजे झेंडे शहराचे नव्हते, लोकांचे होते. कायदा तिथला, पण धडा आपल्यालाही लागू पडतो. संस्थेच्या अर्जावर परवानगी देऊ नका. झेंडा पालिकेनेच विकत घ्यावा आणि ‘हे महापालिकेचं स्वतःचं म्हणणं आहे, काठी अर्जावर दिली जाणार नाही’ हे वाक्य ठरावात घालावं.

केळीबाग (रावेर):
कापडाचं बोलतो. जूनमध्ये आपल्याकडे आधी वावधान, मग पाऊस. झेंडा मोकळ्या कडेपासून उसवतो, म्हणून त्या कडेला दुमडून चार ओळी शिलाई मारून घ्या. कड्या पितळी घ्या, लोखंडी गंजून डाग पाडतात. सुती कापड भिजून जड होतं, नायलॉन बरं. 3 बाय 2 फूट पुरे, आणि एक जोड जास्तीचा ठेवा. पट्टे सहा, लाल वर, जांभळा खाली. घाईत उलटा लागतो.

तापीतीर:
आणखी एक, आणि माझ्या मते हे जास्त मोलाचं. आपल्याच जिल्ह्यात भादली बुद्रुकला 2021 मध्ये अंजली पाटील ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. तृतीयपंथी म्हणून महिला जागेवरचा त्यांचा अर्ज बाद झाला होता, औरंगाबाद खंडपीठाने तो वैध ठरवला. म्हणजे अडवणूक सरकारी टेबलावर, अर्ज घेतानाच होते. तेव्हा त्याच ठरावात पालिकेच्या अर्जांत लिंगाचा तिसरा रकाना आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही घाला, भाऊ. एकाच विषयाखाली मांडलं तर दोन्ही एकदम मंजूर होतील.