'छावा', 'दशावतार' आणि मध्यंतरानंतरचा आरडाओरडा

माहुलीकर (सातारा):
'छावा' लागला तेव्हाच टॉकीजला बघितला होता, परवा घरी परत लावला. त्याच आठवड्यात 'दशावतार' आणि 'आता थांबायचं नाय' पण उरकले. मत सरळ सांगतो, शिव्या नंतर घाला. तिघांत 'आता थांबायचं नाय' सगळ्यात आवडला, 'दशावतार' अर्धा आवडला, आणि 'छावा'त विकी कौशलची मेहनत सोडली तर फारसं काही हाती लागलं नाही.

'छावा'त शेवटचा जवळजवळ अर्धा तास संभाजीराजांचे हाल. ते घडलंय, त्यावर वाद नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलं, मार्चमध्ये मारलं. पण जानेवारी १६८१ ला राज्याभिषेक झालेला हा माणूस आठ वर्षं मुघल, सिद्दी, पोर्तुगीज सगळ्यांना अंगावर घेत होता. ते कसं जमवलं? दाणागोटा कुठून यायचा, फितुरी कुठे पिकत होती, बुऱ्हाणपूर लुटल्यावर पुढे काय झालं? हे सगळं घाईघाईत, आणि साखळदंडांसाठी मात्र वेळच वेळ.

राजांच्या राणी येसूबाईंचं तर बघायलाच नको. 'श्री सखी राज्ञी जयति' हा शिक्का ज्यांच्या हाती होता, राजे मोहिमेवर असताना ज्या कारभार बघायच्या, त्या पडद्यावर बहुतेक वेळ वाट बघताना दिसतात.

आणि आम्हा सातारकरांची गोष्ट जिथून सुरू होते तिथे यांचा पिक्चर संपतो. १६८९ ला रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. शाहू १७०७ ला सुटले, १७०८ ला साताऱ्यात गादीवर बसले. येसूबाई परत आल्या त्या १७१९ ला. तीस वर्षं! यावर कुणाला पिक्चर सुचत नाही, कारण त्यात आरडाओरडा कमी आहे.

हळदीचं पेव (सांगली):
आलं का साताऱ्याचं शहाणपण. अहो, दाणागोट्याचा हिशोब बघायला तिकीट काढतं का कुणी? मी सांगलीत 'छावा' बघितला तेव्हा आमच्या शेजारच्या आजी आल्या होत्या. त्या टॉकीजची पायरी शेवटची कधी चढल्या हे त्यांनाही आठवत नव्हतं. पिक्चर सुटल्यावर जिन्यात भिंतीला धरून उभ्या राहिल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं हे." तुमच्या येसूबाईंचा शिक्का बरोबर आहे, पण त्या आजींपर्यंत पोचला कोण? हा पिक्चरच ना?

आणि आरडाओरड्याला नावं ठेवू नका. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तिथून मराठी नाटकाची गाडी सुटली. त्या नाटकांत राक्षस यायचा तो 'अलल डुर्र' करत, तोंडाने नुसता गलका. लोक त्यासाठीच जागत बसायचे. दणका हा आपल्या रक्तातच आहे.

विश्रामबाग:
+१. राक्षस गप्प आला तर तो राक्षस कसला.

माहुलीकर:
'अलल डुर्र' हे राक्षसाचं येणं होतं हो. तो आला, पोरं घाबरली, पुढे सूत्रधार आणि पात्रं गोष्ट चालवायची. इथे राक्षस आल्यापासून संपेपर्यंत 'अलल डुर्र'च चालू आहे.

आणि सांगलीचंच काढायचं तर पूर्ण काढा. तुमच्याच हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ ला 'शारदा' आणलं. म्हातारा नवरा आणि कोवळी पोर. त्यात कुणी तलवार उपसत नाही, तरी प्रेक्षक हादरले. गलक्यावरून तिथपर्यंत यायला सांगलीला पन्नासेक वर्षं पुरली. सिनेमावाले मात्र उलट दिशेने निघालेत.

हळदीचं पेव:
देवलांना मध्ये आणलंत, आता काय बोलणार. पण 'शारदा'तही पदं होती म्हटलं. गप्प गप्प नाटक नव्हतं ते.

कोयनाकाठ (कराड):
माहुलीकर दादा, एक सांगू का. माझा पुतण्या सहावीत आहे. 'छावा' बघून आला आणि रात्री जेवताना विचारतो, "सेनापती हंबीरराव कुठले होते?" म्हटलं, अरे तळबीडचे, आपल्या कराडपासून हाकेच्या अंतरावर. पोरगं खरंच बघत राहिलं. रविवारी गाडीवर मागे बसवून तळबीडला नेलं, स्मारक दाखवलं, वर वसंतगड दाखवला. हंबीरराव १६८७ ला वाईच्या लढाईत पडले, ताराराणी त्यांचीच लेक, हे सगळं त्या दिवशी त्याच्या डोक्यात शिरलं. शाळेच्या पुस्तकाने जे झालं नाही ते पिक्चरने केलं. मग तो अर्धा तास जास्त का असेना.

माहुलीकर:
तळबीडला नेलंस ते झकास केलंस, पण त्याचं श्रेय तुझ्या गाडीला दे. हंबीररावांवर २०२२ ला अख्खा मराठी पिक्चर आला होता. तेव्हा पुतण्याला नेला होतास का?

कोयनाकाठ:
तेव्हा तो दुसरी-तिसरीत होता हो. पण मुद्दा लागला. मी पण नव्हतो गेलो.

मेणवलीची सून (वाई):
तुम्ही पुरुष मंडळी 'छावा'वरून उठतच नाही. 'दशावतार' अर्धा आवडला म्हणजे काय, ते जरा बोला की. माझं माहेर मालवणकडचं, त्यामुळे मला त्यात जास्त रस.

माहुलीकर:
वहिनी, पहिला भाग सुंदर. बाबुली मेस्त्री, कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यात काम करणारा, नजर जात चाललेला म्हातारा नट, मुलगा म्हणतोय आता बास करा, आणि याचा पाय रंगमंचावरून निघत नाही. दिलीप प्रभावळकरांनी ८१ व्या वर्षी हे केलंय. ते रंग लावून बसले की आपण जागचं हलायचं विसरतो. मध्यंतरानंतर मात्र खाण येते, खलनायक येतात आणि पिक्चरचा सूडपट होतो. बघितला नसेल त्यांच्यासाठी पुढचं सांगत नाही. बापलेकाची एवढी जिवंत गोष्ट हातात असताना मारामारीत का घालवायची?

मेणवलीची सून:
इथेच चुकतंय तुमचं. आमच्याकडे देवळापुढे दहिकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, व्हायचा, तेव्हाची रचना आठवा. आधी आडदशावतार: गणपती, सरस्वती, भटजी, मग संकासुर येतो आणि विष्णू त्याला मारतो. त्यानंतर आख्यान, आणि आख्यानात पहाटेपर्यंत युद्ध. आधी गंमत-भक्ती आणि मग राक्षसाचा वध, हा त्या कलेचा सांगाडाच आहे. दिग्दर्शकाने तो आजच्या गोष्टीला लावला. बाबुलीने नुसतं रडत बसायला हवं होतं का? ज्याने आयुष्यभर अवतार रंगवले तो शेवटी अवतार घेणारच. मला तर दुसरा भागच जास्त पटला. खाणीने लाल झालेले ओहोळ मी लहानपणापासून बघितलेत. तिथल्या माणसाचा राग शहाण्यासारखा, हळू आवाजात यावा अशी अपेक्षा घाटावरून करणं सोपं आहे.

हळदीचं पेव:
वहिनींनी षटकार मारला.

माहुलीकर:
सांगाड्याचं मान्य. मी या बाजूने विचार केला नव्हता. पण दशावतारात संकासुराला केवढा मान असतो! लोकांना सगळ्यात जास्त तोच आवडतो, टोपीबिपी घालून इरसाल बोलतो, हसवतो. राक्षसाला तोलामोलाचं बोलणं असतं म्हणून त्याचा वध रंगतो. या पिक्चरमधले दुष्ट नुसते दुष्ट आहेत. त्यांना मारलं काय आणि नाही काय, मला काही वाटलं नाही. माझी तक्रार रागाबद्दल नाहीच. राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस धड उभा केलेला नाही.

मेणवलीची सून:
दुष्ट पातळ आहेत, हे मात्र खरं. तेवढंच खरं.

विश्रामबाग:
'आता थांबायचं नाय' एक नंबर का, ते अजून सांगितलं नाही. नुसतं एका ओळीत उरकलंय. आणि आमच्या सांगलीच्या सई ताम्हणकरचा 'गुलकंद' यादीत का नाही?

माहुलीकर:
'गुलकंद' बघितला. हसलो, विसरलो. सईचं काम नेहमीसारखं चोख.

'आता थांबायचं नाय' का, तर त्यात मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी करतात. बस्स, एवढीच गोष्ट, आणि ती खऱ्या घटनेवरची. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांना आपण वर्षानुवर्षं विनोदासाठी बघतो. इथे ते दिवसभर राबून आलेल्या माणसासारखे बाकावर बसतात, खांदे पडलेले, आणि तेवढ्यानेच काम होतं. शत्रू कोण? तर गणित, इंग्रजी आणि लाज. तरी निकालाच्या वेळी माझी मूठ आपोआप आवळली होती.

मेणवलीची सून:
त्यातले साहेब म्हणजे आशुतोष गोवारीकर. त्यांचा 'स्वदेस' २००४ चा, त्याचं गाव म्हणजे आमचं मेणवली. अजून लोक घाटावर येऊन विचारतात, शाहरुख कुठे उभा होता. नाना फडणवीसांच्या वाड्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि निघून जातात.

हळदीचं पेव:
माहुलीकर, तुमची आवड कळली. मूठ आवळायची पण आवाज करायचा नाही. असले पिक्चर चांगलेच असतात, पण सकाळी अकराचा एकच शो मिळतो आणि दुसऱ्या आठवड्यात पोस्टर उतरतं. बाल्कनीत आम्ही सहाजण. टॉकीजवाल्याने लाईटबिल भरायचं कुठून? 'छावा'सारखा एक दणकेबाज येतो म्हणून पडदा चालू राहतो, आणि त्यावर तुमचे शांत पिक्चर लागतात. दणक्याचे उपकार माना.

माहुलीकर:
उपकार कसले. दणक्याला सगळे संध्याकाळचे शो दिले की शांत पिक्चरला अकराचाच उरणार. सकाळी अकराला कामाधंद्याचा माणूस येणार कसा? आधी वेळ अशी द्यायची आणि मग म्हणायचं, बघा, कुणी येत नाही.

आणि त्या भारलेल्या प्रेक्षकांबद्दलही सांगतो. आमच्या शोला पिक्चर संपल्यावर पुढच्या रांगेतला एक पोरगा उभा राहून गारद म्हणायला लागला. सगळं थेटर उठलं, माझ्याही अंगावर काटा आला. तेवढ्यात त्याचा दोस्त मोबाईल धरून म्हणतो, "थांब, आवाज नीट आला नाही, परत म्हण." त्याने परत म्हटली. तशीच, तेवढ्याच जोरात.

कोयनाकाठ:
😂 हे आमच्याकडे पण झालं. पण दादा, पोरगं गारद पाठ करून आलं होतं ना? रीळ करो नाहीतर काही करो.

हळदीचं पेव:
तेच म्हणते मी. असो. तुमच्या येसूबाईंवर कुणी काढलाच पिक्चर, तर पहिलं तिकीट माझं, आणि त्या आजींचं पण मीच काढीन. फक्त औरंगजेबाच्या १७०० च्या वेढ्यात साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याचा मंगळाईचा बुरूज उडाला आणि खाली मुघलांचीच माणसं गाडली गेली, तो प्रसंग त्यात घाला. आणि आवाज मोठा ठेवा.

माहुलीकर:
येसूबाई तेव्हा औरंगजेबाच्या छावणीत कैदेत होत्या. बुरूज दाखवायचा तर त्या छावणीतून दाखवायचा: आपला किल्ला, आपला स्फोट, आणि ही बाई शत्रूच्या तंबूत बसून तो ऐकतेय. आवाज तंबूत येईल तेवढाच.

हळदीचं पेव:
नाही. मोठाच.