डोन्चिचचा सौदा: डॅलसने किंमत कमी घेतली का?

झोन_डिफेन्स
एनबीए बास्केटबॉलमध्ये डॅलसचा स्टार लुका डोन्चिचला फेब्रुवारी २०२५ मध्ये लेकर्सकडे धाडून डॅलसचा तेव्हाचा जनरल मॅनेजर निको हॅरिसनने बरोबरच केलं. बचावात ढिला, ख्रिसमसपासून पोटरीच्या दुखापतीने बाहेर, अशा खेळाडूला पाच वर्षांचा सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा सुपरमॅक्स, म्हणजे स्वतःच्याच संघाकडून मिळणारा सर्वांत मोठा करार, कशाला द्यायचा? अँथनी डेव्हिस आला, मग ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कूपर फ्लॅगही मिळाला. आता रडगाणं पुरे.

बेसलाइन
फ्लॅगचं नाव या हिशेबात घेऊच नका. ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत डॅलसचा पहिला नंबर लागण्याची शक्यता १.८ टक्के होती. सौदा तोलायचा तो फेब्रुवारी २०२५ मधल्या भावाने. विकायचं की नाही, यावर मी भांडत नाही. राग किमतीचा आहे. डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एकच फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क), एवढ्यावर पंचविशीतला लुका गेला, वर मॅक्सी क्लेबर आणि मार्कीफ मॉरिसही लेकर्सना दिले. लेकर्सचा २०३१ चा पिकही मोकळा होता. त्याच आठवड्यात त्यांनी शार्लटच्या मार्क विल्यम्ससाठी तो पिक, २०३० चा स्वॅप (पिकच्या अदलाबदलीचा हक्क), डाल्टन नेक्ट आणि कॅम रेडिश एवढं सगळं देऊ केलं. विल्यम्स मेडिकलमध्ये अडकला म्हणून ते फिसकटलं. एका सेंटरसाठी जे निघालं, ते लुकासाठी का नाही निघालं?

कॅप_शीट
पिकचं मान्य. पण हा सौदा लीगच्या पगाराच्या नियमांत बसवणं सोपं नव्हतं. लेकर्सना जेवढा पगार बाहेर जाईल त्याहून जास्त आत घेता येत नव्हता. लुका ४.३० कोटी आणि क्लेबर १.१० कोटी, म्हणजे ५.४० कोटी. डेव्हिस ४.३२ आणि क्रिस्टी ०.७१ मिळून ५.०३ च होतात. म्हणून लेकर्सच्या जेलन हूड-शिफिनोचे ०.३९ कोटी जोडले आणि त्याला युटा या तिसऱ्या संघाकडे पाठवलं. मॉरिस किमान पगारावर होता, तो यात मोजायचा नाही. क्ले थॉम्पसनला साइन-अँड-ट्रेडने (जुन्या संघाने करार करून लगेच दुसऱ्याकडे पाठवणं) घेतल्यामुळे डॅलसला पहिल्या एप्रनची, म्हणजे पगाराच्या एका वरच्या पातळीची, हार्ड कॅप (ओलांडता न येणारी मर्यादा) लागू होती. डेव्हिसने सुमारे ५९ लाखांच्या ट्रेड किकरवर (सौदा झाल्यावर मिळणारा बोनस) पाणी सोडलं, तेव्हा त्यांची बाजू बसली.

झोन_डिफेन्स
म्हणूनच गुपचूप करावं लागलं! गाजावाजा झाला की भाव पडतो. फिनिक्सने २०२३ मध्ये केविन ड्युरांटसाठी चार फर्स्ट, एक स्वॅप, मिकाल ब्रिजेस आणि कॅम जॉन्सन मोजले. जून २०२५ मध्ये तो विकायला काढलाय हे जगजाहीर होतं. हाती लागलं काय, तर जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, दहावा पिक आणि पाच सेकंड राउंड.

बेसलाइन
ड्युरांट आणि लुका एका तागडीत? ड्युरांट छत्तीस वर्षांचा, करार एकाच मोसमाचा उरलेला. फिनिक्स दुसऱ्या एप्रनच्या वर, म्हणजे दोन पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणायचा रस्ताही बंद. तिथे भाव पडणारच.

कॅप_शीट
उलट उदाहरण डोनोव्हन मिचेलचं घ्या. २०२२ मध्ये त्याच्यासाठी युटाची न्यूयॉर्कशी बोलणी आठवडेच्या आठवडे उघड चालली होती. शेवटी क्लीव्हलंडने बाजी मारली आणि युटाला लॉरी मार्कनेन, कॉलिन सेक्स्टन, ओचाई अगबाजी, तीन फर्स्ट आणि दोन स्वॅप दिले. मिचेलच्या करारात वर्षं शिल्लक होती, त्यामुळे युटाला घाई नव्हती. भाव उरलेल्या वर्षांवर ठरतो, बातमी फुटण्यावर नाही. लुकाचाही २०२५-२६ चा पगार पक्का होता, त्यापुढच्या वर्षाचा ऑप्शन (करार चालू ठेवायचा की नाही) त्याच्या हातात.

झोन_डिफेन्स
मिचेलला सुपरमॅक्सची मुदत डोक्यावर होती का? उन्हाळ्यात डॅलसने ती ऑफर दिली नसती, तर तीस संघांना कळलं असतं की यांना हा नकोय. मग काय बोली लागली असती? आकडे फेकणाऱ्यांनी याचं उत्तर द्या.

बेसलाइन
फेकलेले आकडे नाहीत, झालेले व्यवहार आहेत, जरा नीट वाचा. मुदत डॅलसची होती, तशी लुकाच्याही गळ्याशी होती. संघ बदलला की तो सुपरमॅक्स गेला. ऑगस्टमध्ये लेकर्सकडून त्याने तीन वर्षांचे १६.५ कोटी घेतले. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत दबावाची दोरी डॅलसच्या हातात होती. उलट डेव्हिसला मार्चमध्ये बत्तीस पूर्ण होणार होती. डॅलसकडून पहिल्याच सामन्यात २६ गुण, १६ रिबाउंड, ७ असिस्ट आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये मांडीचा स्नायू गेला. त्याचा दुखापतींचा इतिहास माहीत असताना जोखमीपोटी दुसरा पिक मागायलाच हवा होता.

झोन_डिफेन्स
बरं, २०३१ चा पिक सोडायला नको होता, एवढं घ्या. डेव्हिसला घेण्याबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

कॅप_शीट
२०२६, २०२८ आणि २०३० चे स्वॅपसुद्धा मागता आले असते. त्याने पगाराच्या गणिताला धक्काही लागत नाही.