जांभ्याच्या गुहेतील ठिबक मोजून विहिरीबद्दल काही कळेल का?

सड्यावरची शाळा
नमस्कार. मी राजापूर तालुक्यातील एका गावात विज्ञान शिकवतो. गावाच्या वरच्या अंगाला जांभ्याचा सडा, म्हणजे लालसर सच्छिद्र दगडाचे सपाट पठार, असून त्याच्या कडेला भुयारासारखी एक गुहा आहे. पाऊस लागल्यावर काही दिवसांनी तिच्या छतातून पाणी ठिबकू लागते, गणपतीच्या सुमारास पागोळ्यांसारख्या धारा लागतात आणि माघ महिन्यापर्यंत दोन-तीन जागी टिपूस चालू राहतो. आमच्या वाडीची विहीर याच सड्याच्या पायथ्याशी आहे आणि एप्रिलच्या अखेरीस ती तळ गाठते. मेघालयातील गुहांमधून प्राचीन पावसाचा अभ्यास होतो, असे वाचनात आले. आमच्या गुहेत विद्यार्थ्यांकडून नोंदी करून घेतल्या, तर त्यांतून विहिरीबद्दल खरोखर काही सांगता येईल का?

पाझर
येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. मेघालयातील मॉमलुह गुहा चुनखडीची आहे. मातीतून जाताना पावसाचे पाणी कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, चुनखडी विरघळवते आणि गुहेच्या हवेत तो वायू निसटून गेला की चुन्याचा थर मागे ठेवते. अशा थरांचे लवणस्तंभ बनतात. युरेनियम आणि थोरियम यांच्या प्रमाणावरून त्यांचे वय काढता येते, तर ऑक्सिजनच्या जड व हलक्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधता येतो. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या आणि २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘मेघालयन’ कालखंडाची खूण म्हणून तेथीलच एक लवणस्तंभ निवडला गेला. मात्र एका थेंबात अनेक महिन्यांचे, कधी कित्येक वर्षांचे पाणी मिसळलेले असू शकते. म्हणून आजचा पाऊस आजच्या ठिबकीत कसा उतरतो हे मोजल्याशिवाय जुने थर विश्वासाने वाचता येत नाहीत, आणि गुहांतील ठिबकीवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले जाते ते यासाठीच.

जांभ्यातून चुना केव्हाच धुऊन गेलेला असतो आणि मागे मुख्यतः लोह व ॲल्युमिनियमची संयुगे उरलेली असतात. त्यामुळे आपल्या गुहेत प्राचीन हवामानाची वही मिळणार नाही. तरीही निराश होऊ नये, कारण तेथे ठिबकणारे पाणी म्हणजे सड्यात मुरून खाली निघालेले पाणीच आहे. विहिरीत पोहोचण्याआधी ते डोळ्यांनी पाहता येणे ही दुर्मीळ सोय आहे, आणि वाडीच्या दृष्टीने मला ती जुन्या थरांपेक्षा मोलाची वाटते.

मोजणी अवघड नाही. तीन जागा कायमच्या निश्चित करा आणि दररोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटांतील थेंब मोजा. धार लागली की थेंब मोजण्याऐवजी भांडे भरायला लागणारा वेळ मोजावा. शंभर थेंब मोजपात्रात जमवून एका थेंबाचे आकारमान काढा. समजा ते ०.१ मिलिलिटर आले आणि मिनिटाला दहा थेंब पडत असतील, तर त्या एका जागेतून दिवसाला सुमारे १.४४ लिटर पाणी येते. त्याच वेळी सड्यावरील पर्जन्यमापक आणि विहिरीची पातळी नोंदवा. पहिला मोठा पाऊस, पहिला थेंब आणि विहिरीतील पहिली वाढ यांमधील दिवसांचे अंतर हेच आपल्या अभ्यासाचे मर्म ठरेल.

खारा वारा
वरील उत्तरात एक भर घालतो. किनारपट्टीवरील पावसात समुद्राचे थोडे मीठ असते. बाष्पीभवनात आणि झाडांच्या मुळांवाटे पाणी निघून जाते, पण मिठातील क्लोराइड बहुतांशी मागे राहते. हंगामभराच्या एकत्रित पाऊस-नमुन्यापेक्षा ठिबकीत क्लोराइड दुप्पट आढळले, तर पावसाचे साधारण निम्मे पाणी मुरले असा ढोबळ हिशेब करता येतो. त्यात सड्यावरून वाहून जाणारे पाणी धरलेले नाही, हे विसरू नये. क्लोराइड मोजण्यासाठी सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन (द्रावण थेंबाथेंबाने घालून केलेली मोजणी) कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. पावसाच्या पाण्यात क्लोराइड फार कमी असल्यामुळे एक लिटर पाणी आटवून शंभर मिलिलिटर करावे. वटवाघळांची विष्ठा किंवा वरच्या बागेतील खत पाण्यात उतरत असेल, तर मात्र हा हिशेब चुकतो. वटवाघळे असल्यास मुलांना आत नेऊच नका, कारण त्यांच्या विष्ठेतील बुरशीमुळे फुप्फुसांचा आजार होऊ शकतो.

कातळाशेजारी
गुरुजी, माझी कलमांची बाग अशाच सड्याखाली आहे. वरच्या अंगाला चिरेखाण सुरू झाल्यानंतर आमचा झरा पूर्वीपेक्षा लवकर आटू लागला, असे आम्हा सर्वांना वाटते. परंतु आधीच्या वर्षांची एकही नोंद नसल्यामुळे ग्रामसभेत आमच्या म्हणण्याला आधार राहिला नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे. सड्यावर काहीही बदलण्यापूर्वीची निदान दोन-तीन वर्षे आपल्या वहीत यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सड्यावरची शाळा
सर्वांचे आभार. वटवाघळे गुहेच्या आतल्या टोकाला आहेत. त्यामुळे निवडलेल्या तिन्ही जागा दाराजवळच्या, उजेडातल्या असतील आणि तेथील मोजणी मी स्वतः करीन. विद्यार्थ्यांकडे पर्जन्यमापक आणि विहीर सोपवतो. मृगाच्या आधी विहिरीच्या काठावर मोजपट्टीची खूण करून घेऊ, म्हणजे कोरड्या तळापासूनच नोंद सुरू होईल.