एप्रन राहू दे, सेन्सर कोण धरतंय ते बघा
दाताचा एक्स-रे काढताना पेशंटला किरण अडवणारा शिशाचा एप्रन घातला नाही म्हणजे डॉक्टर निष्काळजी, असं कुणीतरी लिहिलंय ते तितकंसं पटलं नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननेच २०२४ मध्ये एप्रन आणि थायरॉइड कॉलर (गळ्याभोवतीचा तसाच पट्टा) बंद करायची शिफारस केलीय. त्यापेक्षा किरणांचा झोत चौकोनी नळीने दाढेपुरता आवळणं जास्त कामाचं. एका दाढेच्या एक्स-रेचा डोस तसाही दिवसभराच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या आसपास किंवा कमीच.

मला खटकतं ते वेगळंच. मागे रूट कॅनालच्या वेळी असिस्टंट मुलगी माझ्या तोंडात सेन्सर (एक्स-रेचं चित्र टिपणारी छोटी पट्टी) बोटाने धरून उभी, आणि डॉक्टर दाराबाहेर! माझा एकच एक्स-रे, तिचे दिवसाला वीसेक तरी होत असतील. सेन्सर धरायचा होल्डर नाही का विचारलं, तर ड्रॉवरमधून निघाला, पाकीटसुद्धा न फोडलेला.