सल्ला हवा: ४ ओहमच्या स्पीकरसाठी स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का?

प्रश्न

माझ्याकडे सात चॅनेलचा एव्ही रिसीव्हर (चित्रपटाचा आवाज सर्व स्पीकरना पुरवणारे यंत्र) आहे. माहितीपत्रकानुसार दोन चॅनेल चालू असताना तो ८ ओहमला प्रत्येकी ९० वॉट देतो. पुढचे दोन उभे स्पीकर मी नुकतेच बदलले. नव्यांची संवेदनशीलता (ठरावीक वीज दिल्यावर एक मीटरवर मिळणारा आवाज) ८६ डेसिबल आणि इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध; तो कमी तर प्रवाह जास्त लागतो) ४ ओहम आहे. सेंटर स्पीकर मात्र जुनाच, वेगळ्या मालिकेतला, ९० डेसिबल व ८ ओहमचा आहे. सबवूफर आहे, आणि आम्ही स्पीकरपासून साडेतीन मीटरवर बसतो. संवाद चालू असेपर्यंत सारे ठीक असते. पण मोठा प्रसंग आला की आवाज कर्कश होतो, आणि दोनदा तर रिसीव्हर आपोआप बंद पडला. १५० वॉटचा नवा रिसीव्हर घ्यावा, की याच रिसीव्हरच्या प्री-आउटला (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे ध्वनिसंकेत नेणाऱ्या जोडणीला) पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडावा?

प्रतिसाद १

९० वॉटचे १५० वॉट केल्याने जेमतेम सव्वादोन डेसिबल वाढतात, त्यामुळे केवळ त्या आकड्यासाठी रिसीव्हर बदलू नका. तुमची अडचण विद्युतप्रवाहाची दिसते. संवेदनशीलता बहुधा २.८३ व्होल्टवर मोजलेली असते. ८ ओहमला तेवढे व्होल्ट म्हणजे १ वॉट, पण ४ ओहमला २ वॉट. म्हणजे खऱ्या एका वॉटला तुमचा स्पीकर एक मीटरवर ८३ डेसिबलच देतो. साडेतीन मीटरवर मोकळ्या जागेत सुमारे ११ डेसिबल घटतात. भिंतींमुळे काही भरून निघतात, म्हणून ८ धरू. सरासरी ७५ डेसिबलवर चित्रपट पाहिला, तरी क्षणिक उसळी ९५ पर्यंत सहज जाते. ती तुमच्या कानापर्यंत पोहोचायला एक मीटरवर १०३ डेसिबल हवेत, म्हणजे ८३ पेक्षा २० अधिक, आणि त्यासाठी १०० वॉट. ४ ओहमला १०० वॉट म्हणजे २० व्होल्ट आणि ५ अँपिअर. शिवाय काही वारंवारितांना इम्पिडन्स चारच्याही खाली उतरतो.

तरीही खरेदीआधी मेनूत पाहा, पुढचे स्पीकर ‘लार्ज’वर, म्हणजे खर्जासह सारा आवाज त्यांनाच जाईल असे, आहेत का. असतील तर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (ज्या वारंवारितेखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. सर्वांत जड भार खर्जाचा असतो, आणि तो उचलायला सबवूफर आहेच. रिसीव्हर बंद कपाटात असेल तर तो आधी बाहेर काढा.

प्रश्नकर्ता

स्पीकर खरोखरच ‘लार्ज’वर होते. ‘स्मॉल’ केल्यापासून तोच प्रसंग तीनदा लावला, रिसीव्हर बंद पडला नाही. सर्वांत मोठ्या आवाजाला किंचित कर्कशपणा मात्र अजून जाणवतो. शिवाय पात्र डावीकडून उजवीकडे जाताना मध्ये त्याचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. सेंटरची पातळी कमी-जास्त करून पाहिली, उपयोग झाला नाही.

प्रतिसाद २

पातळीने तो दोष जाणार नाही. ८६ आणि ९० मधला चार डेसिबलचा फरक रिसीव्हर सहज जुळवतो. आवाजाचा पोत त्याला जुळवता येत नाही, कारण तो ट्वीटर (उंच स्वरांचा भाग), वूफर (खर्जाचा भाग) आणि या दोघांत आवाज वाटून देणाऱ्या, स्पीकरच्या आतल्या क्रॉसओव्हरवर ठरतो. चाचणीचा ‘पिंक नॉइज’ (सर्व वारंवारिता असलेला एकसारखा सळसळाट) डावा, मधला, उजवा असा फिरवून डोळे मिटून ऐका. मधला आवाज वेगळ्याच जातीचा वाटला, तर पहिला खर्च पुढच्या स्पीकरांच्याच मालिकेतल्या सेंटरवर करा. चित्रपटातले बहुतेक संवाद तिथूनच येतात, म्हणून माझ्या मते ही सुधारणा अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा अधिक ऐकू येईल.

त्यानंतर तीन चॅनेलचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या तिघांना द्या. मागचे स्पीकर रिसीव्हरवरच राहू देत. निवडताना ४ ओहमचा आकडा स्वतंत्रपणे दिलेला आहे का, ते पाहा. ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला १८० च्या आसपास वॉट असतील, तर वीजपुरवठा भक्कम समजावा. दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे एकाच स्पीकरला एकत्र जोडून, वापरू नका. तसे केल्यास प्रत्येक चॅनेलवर २ ओहमचा भार येतो. जोडणी झाल्यावर ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हरने स्पीकरांची पातळी आपोआप जुळवणे) पुन्हा चालवा, कारण नव्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (संकेत किती पट मोठा होतो ते प्रमाण) वेगळा असू शकतो. कॅलिब्रेशनने पुढचे स्पीकर परत ‘लार्ज’ केले, तर ते हाताने ‘स्मॉल’ करा.