डाइंगमधला ‘ई’ ठेवायचा की गाळायचा?

विचारणा:
सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघतो. सूत रंगवण्याच्या ‘डाइंग’चं स्पेलिंग एका पाटीवर वेगळं, दुसऱ्या पाटीवर वेगळं. बरोबर कुठलं? आणि गाठीचं ‘बेल’, पॅकिंगमधलं ‘लूज’ यांचाही असाच गोंधळ आहे. जाणकारांनी सांगावं की.

उत्तर:
दोन्ही स्पेलिंगं खरी आहेत, पण एक रंगण्याचं आणि दुसरं मरण्याचं. रंगाचा डाय म्हणजे डी-वाय-ई. एरवी ‘आयएनजी’ लावताना शेवटचा ई गळतो, जसं मेक-मेकिंग. इथं तो मुद्दाम राखतात, कारण गाळला की मरण्याचं डाइंग होतं. मरण्याचा डाय डी-आय-ई. त्यातलं आयई जाऊन वाय येतो, टाय-टाइंगसारखं. म्हणजे पार्टीला ‘यार्न इज डाइंग’ असं बिनईचं कळवलं, तर सूत शेवटच्या घटका मोजतंय!

सिंजिंगचंही तेच. कापडावरची लव जाळून काढायची ती सिंजिंग. त्यातला ई खाल्ला की कापड गायला लागतं.

बेल: गाठीचं बी-ए-एल-ई. आपल्याकडं कापसाची गाठ 170 किलोची धरतात, ती हीच. बी-ए-आय-एल म्हणजे जामीन, आणि गंमत म्हणजे स्टंपावरची बेलही त्याच स्पेलिंगची. सिद्धेश्वराला वाहतो तो बेल आपला, त्याचा यात काही संबंध नाही.

पुरवणी:
‘कोर्स’ राहिला. जाडंभरडं सूत ते सी-ओ-ए-आर-एस-ई. सुती धाग्याच्या एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लड्या बसतात तितका काउंट, म्हणून 40 पेक्षा 10 काउंटचं सूत जाड. शिकायचा कोर्स तो सी-ओ-यू-आर-एस-ई. होजिअरीवाल्यांना दोन्ही लागतात, कारण विणीतल्या टाक्यांच्या आडव्या ओळीलाही कोर्सच म्हणतात, तोही यू वाला.

उत्तर:
लूजची गोष्ट निराळी आहे. डाइंग-डाइंग इंग्रजीतही एकसारखंच ऐकू येतं, तिथं कान उपयोगाचा नाही. लूजचा घोळ मात्र आपण घातलाय. सैल तो खरा ‘लूस’, दोन ओ वाला, शेवटी स्वच्छ स. हरवणं किंवा तोटा खाणं ते ‘लूज’, एक ओ वाला, शेवटी ‘आवाज’मधला ज. आपण दोन्हीकडं ज लावून मोकळे. हा स-ज चा फरक आणखी कितीतरी ठिकाणी चालतो. भाव तो प्राइस, बक्षीस ते प्राइज. सल्ला म्हणजे अ‍ॅडव्हाइस, सल्ला देणं अ‍ॅडव्हाइज. जवळचा तो क्लोस, बंद करणं क्लोज. मराठी कानाला स आणि ज वेगळे करायला कसले कष्ट?

शंका:
पण सर, एवढं कशाला? आमच्याकडं तेलुगू, कन्नड, मराठी सगळ्या बोलणाऱ्यांना ‘डाइंगला टाक’ म्हटलं की कळतं.

उत्तर:
बोलण्यात काहीच अडत नाही, खुशाल टाका. अडतं ते मेलमध्ये आणि पॅकिंग लिस्टवर. कॉम्प्युटरचा साधा स्पेलिंग-तपासनीस दोन्ही शब्द खरेच धरतो, खाली लाल रेघ येत नाही. ‘वॉर्प’, म्हणजे मागावरचा उभा ताणा, लिहायचं आणि हातून ‘रॅप’ पडलं, तरी तो गप्पच. एकात ए-आर, दुसऱ्यात आर-ए. ताण्याऐवजी गुंडाळणं झालं, तेही तुम्हीच बघायचं.